इलेक्ट्रिक स्मोकर घेऊ की गॅसचा? प्रश्नच चुकतोय!

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो आहे. काही वाचकांना राग येईल, पण लिहिणे भाग आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शिरूर तालुक्यातला, घोड नदीकाठच्या एका गावातला तरुण शेतकरी आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आला. मावशींना तीन आठवडे खोकला, पाण्याची कळशी उचलली तरी दम, रात्री छातीत घरघर. तपासले, फुंकण्याची तपासणी केली. श्वासनलिका चांगल्याच आक्रसलेल्या होत्या, आणि औषध देऊन पुन्हा फुंकायला लावले तरी आकडा फारसा सुधारला नाही. म्हणजे हा दमा नव्हे, सीओपीडी. मावशींनी आयुष्यात विडी ओढलेली नाही, मिश्रीसुद्धा लावत नाहीत.

औषधे लिहून झाल्यावर मुलाने मोबाईल पुढे केला. "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. शेतावर चिकन-मटण स्मोक करायचं मशीन घेतोय. इलेक्ट्रिक घेऊ का गॅसवालं? तब्येतीला कुठलं चांगलं?"

मी त्याला उलट विचारले, "घरी स्वयंपाक कशावर होतो?"

"गॅस आहे की डॉक्टर. पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. आई ऐकतच नाही."

हाच प्रश्न वर्षभरात मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. पुण्याहून शनिवार-रविवार दौंडकडच्या फार्महाऊसवर येणारे विचारतात, हुरडा पार्ट्या करणारे विचारतात, परदेशात मुलाकडे जाऊन तिथला स्मोकर पाहून आलेले आजोबाही विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर उत्तर देतो.

हे यंत्र करते काय?

स्मोकर म्हणजे धुरी देण्याची पेटी. आत मांस टांगायचे किंवा जाळीवर ठेवायचे, खाली लाकडाचे तुकडे धुमसत ठेवायचे आणि साधारण १०५ ते १२० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत चार, सहा, आठ तास मांस शिजू द्यायचे. इलेक्ट्रिक यंत्रात विजेची कॉइल लाकडाला तापवते. गॅसच्या यंत्रात खाली बर्नर असतो. परदेशात त्याला प्रोपेन लागतो, आपल्याकडे घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असते.

आता नीट पाहा. वीज आणि गॅस ही दोन्ही फक्त उष्णता देण्याची साधने आहेत. धूर दोन्हींत लाकडाचाच. आणि धूर हवा म्हणूनच तर तुम्ही हे यंत्र घेताय! मग "आरोग्याला कोणते चांगले" हा प्रश्न म्हणजे विडी काडेपेटीने पेटवू की लायटरने, असे विचारण्यासारखे झाले.

"इलेक्ट्रिक म्हणजे धूर नाही, गॅस नाही, धोका नाही"

हे वाक्य मला रुग्णांनीच ऐकवले, आणि त्यांना ते विक्रेत्याने ऐकवले होते. ते खोटे आहे.

विजेची शेगडी कार्बन मोनॉक्साइड तयार करत नाही, हे खरे. पण त्या कॉइलवर धुमसणारे लाकूड करते. लाकूड धडधडून जळते तेव्हा त्याला हवा भरपूर मिळते. धुमसते तेव्हा हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. स्मोकरमध्ये लाकूड मुद्दाम धुमसतच ठेवायचे असते. त्यामुळे "इलेक्ट्रिक आहे, किचनच्या ओट्यावर चालेल" असे कुणी म्हणत असेल तर त्याचे ऐकू नका.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग झोप आल्यासारखे वाटते. माणूस "जरा पडतो" म्हणून आडवा होतो आणि तिथेच घात होतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे मी पाहिली आहेत. सगळ्यांनाच सकाळी उठवता आले नाही.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. पण कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत तो फसवतो. त्याला प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस बेशुद्ध पडत असतो आणि ऑक्सिमीटर ९८ दाखवत असतो. तेव्हा धुराजवळ बसलेल्या माणसाचे डोके दुखू लागले तर आकडा पाहत बसू नका. त्याला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. घरात गरोदर बाई असेल तर तिला धुराजवळ येऊच देऊ नका. हा वायू गर्भापर्यंत पोहोचतो.

गॅसवाल्यांचेही ऐकू

गॅसच्या बाजूने बोलणारे म्हणतात, वीज कधीही जाते, गॅस हमखास. शेतावर हे खरेच आहे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज ठरावीक तासच, तीही कधी दिवसा, कधी रात्री. सहा तासांच्या शिजवणीत तिसऱ्या तासाला वीज गेली तर कोमट पेटीत अर्धे कच्चे मांस पडून राहणार. त्याचे काय होते ते पुढे सांगतो.

पण गॅसचे स्वतःचे हिशेब आहेत. ज्योत निळी असेल तर ज्वलन ठीक. पिवळी, काजळी धरणारी असेल तर तिथेही कार्बन मोनॉक्साइड आलाच. शिवाय मांसाची चरबी खाली ज्योतीवर किंवा तापलेल्या पत्र्यावर ठिबकली की भपकन धूर उठतो. हा धूर सर्वांत वाईट, कारण यात कर्करोगाशी जोडलेली रसायने जास्त असतात. आपला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये, खड्ड्याजवळ किंवा तळघरात हे यंत्र नकोच.

परदेशातून आणलेल्या यंत्रांची वेगळी कथा. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिथले रेग्युलेटर आणि जोडण्या इथल्या सिलिंडरसाठी बनलेल्या नसतात. "आपला वायरमन बसवून देतो" किंवा "नळीला क्लिप मारली की झालं" असला जुगाड कृपा करून करू नका. भाजलेल्या माणसाला पुण्याला पाठवताना त्या घरच्यांचे चेहरे मला बघावे लागतात.

धूर मांसावर बसतो तेव्हा

लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. तो तापून फुटला की ज्या सुवासिक रसायनांमुळे तोंडाला पाणी सुटते ती तयार होतात. त्याच धुरात बेंझोपायरिनसारखी रसायनेही असतात. विडी-सिगारेटच्या धुरात, चुलीच्या काजळीत आणि डांबरात आढळणारी हीच ती मंडळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझोपायरिनला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे. युरोपात धुरी दिलेल्या मांसात त्याची मर्यादा एका किलोला ५ मायक्रोग्रॅम होती, ती २०१४ मध्ये २ मायक्रोग्रॅम केली. ज्यांच्या खाद्यसंस्कृतीत शेकडो वर्षे असे मांस आहे, त्यांनीच ही मर्यादा निम्म्याहून खाली आणली, हे ध्यानात घ्या.

याच संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात टाकले. प्रक्रिया म्हणजे मीठ लावणे, मुरवणे, आंबवणे आणि धुरी देणेही. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष.

आता घाबरवण्यासाठी हा आकडा वापरणे मला पटत नाही, म्हणून तो समजावून सांगतो. १८ टक्के म्हणजे १०० पैकी १८ जणांना कर्करोग होतो असे नाही. मूळ धोका जितका आहे त्याच्या १८ टक्के अधिक, आणि तेही रोज खाणाऱ्याला. आपल्याकडे हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. पहिला गट म्हणजे "पुरावा पक्का आहे" एवढाच अर्थ. तंबाखूही त्याच गटात आहे, म्हणून एक तुकडा चिकन आणि एक सिगारेट सारखेच धोकादायक होत नाहीत. वर्षातून चार वेळा पाहुणे आले म्हणून खाल्ले, तर मी तुम्हाला रागावणार नाही. पण २५-३० हजार रुपये घालून घेतलेले यंत्र वर्षातून चार वेळा वापरून कोणी गप्प बसत नाही, हाही माझा अनुभव आहे. मग दर रविवारी ते पेटते.

या पाककृतीत मीठही असते. मांसाच्या वजनाच्या २ टक्के मीठ लावायचे म्हटले तर पाव किलोच्या वाट्यात ५ ग्रॅम. माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी हा हिशेब स्वतःच करावा.

"आपले पूर्वज धुरातच जगले, त्यांना काय झालं?"

हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो. उत्तरही आपल्याच तालुक्यात आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची बरीच वर्षे तिथे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आपले हे पहिले शेतकरी. त्यांच्या घरांत चुली सापडल्या, गुरांची, शेळ्या-मेंढ्यांची, हरणांची हाडे सापडली. म्हणजे मांस खात होते, आगीवर भाजतही होते. पण त्याच घरांच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुलेही सापडली, आणि ती थोडीथोडकी नाहीत.

ती मुले धुरानेच गेली असे मी म्हणत नाही, तसा दावा करणे चूक होईल. मला एवढेच सांगायचे आहे की "पूर्वी असेच होते" हे आरोग्याचे प्रमाणपत्र होत नाही. जे जगले त्यांचे वंशज आज ओट्यावर बसून "काय झालं?" असे विचारतात. जे गेले त्यांच्या वतीने विचारायला कोणी उरत नाही.

काय जाळता, तेही सांगा

परदेशी पुस्तकात ओक, हिकरी, सफरचंदाचे लाकूड लिहिलेले असते. इथे ते कुठून आणणार? मग रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेले पॅलेट आणि खोक्यांच्या फळ्या स्वस्तात मिळतात, त्याच फोडून वापरल्या जातात. हे अजिबात करू नका. त्या फळीवर काय ठेवले होते, काय सांडले होते, कुठली फवारणी झाली होती, हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही. काही पॅलेटवर "एमबी" असा शिक्का असतो. त्याचा अर्थ कीड मारायला मिथिल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरला आहे. प्लायवूड, रंगवलेले दार, जुन्या खिडकीची चौकट यांचेही तेच. वाळलेले, साधे, न रंगवलेले आंब्याचे किंवा बाभळीचे लाकूड, तेही मूठभर. याखेरीज काही नको.

यंत्राने नाही, अर्धवट शिजलेल्या मांसाने आजारी पडाल

कर्करोगाची चर्चा वीस वर्षांनंतरची. त्याच रात्री दवाखान्यात आणणारी गोष्ट वेगळीच आहे. ५ ते ६० अंश हा जंतूंचा सुगीचा काळ. मंद आचेवर शिजणारे मांस या टप्प्यातून हळूहळू जाते. त्यात मटण सकाळपासून दुकानात टांगलेले, मोटारसायकलच्या डिकीतून तासभर उन्हात आलेले, चिकन आतून अजून बर्फ असलेले, आणि वर वीज गेलेली. बाहेरून धुरीने सुरेख तांबूस रंग येतो, आत हाडाजवळ कच्चे. रंगावरून मांस शिजल्याचे कळत नाही. धुरी दिलेल्या मांसात तर मुळीच नाही, कारण धुरामुळे पूर्ण शिजलेले मांसही गुलाबी दिसते.

उपाय एकच, मांसात खुपसायचा थर्मामीटर. काही शे रुपयांना मिळतो. चिकनच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश आलेच पाहिजेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि आपल्या दुकानांच्या सवयी पाहता मटणालाही तोच आकडा धरा. आणि "आज अर्धं शिजवून ठेवू, उद्या पाहुणे आले की पूर्ण करू" हे कधीच नाही. उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, कडक उन्हाळ्यात तासाच्या आत.

आता मावशींकडे परत येऊ

खरे सांगायचे तर हा लेख मी स्मोकरसाठी लिहितच नाही आहे.

पुण्यातले फुप्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले होते की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर सोसणारे सुमारे ३०० कोटी. सीओपीडी म्हटले की आम्ही डॉक्टर विडी शोधत बसतो, चूल विचारतच नाही, हा त्यातला आमच्यावरचा ठपका होता आणि तो खरा आहे. मीही सुरुवातीची कित्येक वर्षे बायकांना "तंबाखू खाता का?" एवढेच विचारून पुढे जात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसे गेली. त्यात पाच वर्षांखालची मुलेही आहेत, न्यूमोनियाने गेलेली.

मावशी रोज पहाटे पाच वाजता न्हाणीघराशेजारची चूल पेटवतात. तुराट्या, उसाचे पाचट, पेटायला वर प्लास्टिकची पिशवी. मग भाकरी. ४० वर्षे झाली. स्मोकरमध्ये कोंबडी सहा तास राहते आणि आपण विचारतो, त्या धुराने तिचे काय होईल. मावशी त्या धुरात ४० वर्षे आहेत, त्यांच्याबद्दल कोणी विचारले?

"आई ऐकतच नाही" हे उत्तर मला मान्य नाही. मी मावशींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "सिलिंडर लवकर संपला की घरात बोलणी बसतात. म्हणून पाणी चुलीवर." ऐकत नाही ती आई नव्हे. गंमत म्हणून विकतचा धूर आणायला घरात ३० हजार आहेत, आणि रोजचा धूर घालवायला वर्षाला दोन-तीन जादा सिलिंडरचे पैसे नाहीत, हे गणित मला पटत नाही. सीओपीडीत फुप्फुसाची गेलेली ताकद परत येत नाही. औषधाने दम कमी होतो, पण धूर थांबला नाही तर उरलेली ताकदही जाते.

मग घ्यायचा की नाही?

माझे मत स्पष्ट आहे.

१. घरात अजून रोज चूल पेटत असेल तर स्मोकर घेऊ नका. त्या पैशात आधी सौर बंब किंवा गिझर बसवा, भाकरीसाठी दुसरा सिलिंडर घ्या. हे माझे प्रिस्क्रिप्शन समजा.

२. चूल बंद आहे आणि हौस आहेच, तर गावात, शहरात, खात्रीची वीज असेल तिथे इलेक्ट्रिक. उष्णता स्थिर राहते, चरबी ज्योतीवर पडत नाही. पण अर्थिंग आणि ईएलसीबी असल्याशिवाय नाही. वीज भरवशाची नसलेल्या शेतावर गॅस, पण इथल्याच जोडणीचा, खाली पाण्याचा ट्रे ठेवून.

३. कोणताही असो, उघड्यावरच. किचन, गॅलरी, गॅरेज, पत्र्याची शेड यांपैकी कुठेही नाही. वारा घराकडे वाहत असेल तर तेव्हाही नाही.

४. घरात दमा, सीओपीडी, हृदयविकार, गरोदर बाई किंवा तान्हे बाळ असेल तर त्यांना त्या दिवशी लांब ठेवा. राखण करायला घरातली सून आणि खायला तुमचे मित्र, असे करू नका. ज्याची हौस त्याने धुरात उभे राहावे.

५. महिन्याला एकापेक्षा जास्त वेळा नको. चव हवी असेल तर आपला धुंगार आहेच. शिजलेल्या रश्श्यात वाटीत एक निखारा, वर थेंबभर तूप, पाच मिनिटे झाकण, तेही अंगणात. तोही धूरच, पण पाच मिनिटांचा.

त्या तरुणाने स्मोकर घेतला की नाही ते मी विचारले नाही. मावशी मात्र दोन महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा पदराला धुराचा वास नव्हता. न्हाणीघरावर सौर बंब बसलाय म्हणाल्या. "पाणी लई गरम येतंय," अशी तक्रारही केली. फुंकण्याच्या तपासणीतला आकडा तेवढाच होता. खाली गेला नव्हता, आणि या आजारात ती चांगली बातमी असते.

तुमच्या घरी अंघोळीचे पाणी कशावर तापते? आज घरी गेल्यावर बघा.